रोग गेला, व्रण राहिला

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत वैद्यांना एक रोग असा माहीत होता कीं, ज्याचें निदान करण्यास विद्वत्ता पुष्कळ लागे आणि निदान झाल्यावर करण्यासारखें मात्र कांहींच उरत नसे. हृदयाच्या झडपांवर जंतूंचें ठाणें बसून महिनोन्‌महिने चालणारा हा ताप. पाश्चात्त्य वैद्यकांत त्यास ‘सबअ‍ॅक्यूट बॅक्टेरियल एंडोकार्डायटिस’ असें लांबलचक नांव आहे. आपण त्यास झडपांचा जंतुदाह म्हणूं. या रोगांतून माणसें उठूं कशीं लागलीं, आणि उठलीं म्हणजे नेमकें काय झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक वैद्य नसून इतिहासाचा अध्यापक आहे. त्यामुळें औषधाच्या गुणांपेक्षां तें कोणाच्या वांट्यास आलें आणि कोणास नाकारलें गेलें, इकडेच त्याचें लक्ष अधिक जातें, हें वाचकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें.

या रोगाची वाट बहुधा लहानपणींच तयार झालेली असते. मुलाचा घसा धरतो, मग संधिज्वर येतो, सांधे सुजतात आणि उतरतातहि. परंतु जातां जातां तो ज्वर हृदयाच्या झडपांना स्पर्श करून जातो. झडप जाड होते, खरबरीत होते. मूल मोठें होतें, शाळेंत जातें, संसारास लागतें, आणि कोणाला कांहीं कळत नाहीं. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं, एखादा दांत काढल्याचें निमित्त होतें. तोंडांत सदैव वावरणारे आणि एऱ्हवीं कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असलेले साखळीजंतु रक्तांत शिरतात व त्या खरबरीत जागेवर चिकटतात. त्यांच्याभोंवतीं रक्तांतील तंतूंची गांठ बांधली जाते आणि ती गांठ हाच त्यांचा गड होतो. रक्तांतील पांढऱ्या पेशी हें शरीराचें सैन्य. परंतु झडपेस स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळें या सैन्याला गडावर जाण्यास वाटच नाहीं. गनीम आंत सुखरूप, आणि रोज त्याच्या तुकड्या खालीं मुलखांत उतरून लुटालूट करणार, असा हा प्रकार असतो. संध्याकाळीं अंगांत बारीक कसर, रात्रीं घाम, दिवसेंदिवस फिकट होत जाणारा चेहरा, नखांखालीं रक्ताच्या सूक्ष्म रेघा, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गांठी. मग एके दिवशीं त्या गांठीचा तुकडा सुटून मेंदूंत जाऊन अडकतो आणि अर्धें अंग लुळें पडतें. विल्यम ऑस्लर यांनीं १८८५ सालीं लंडनच्या वैद्यमंडळापुढें दिलेल्या गुल्स्टोनियन व्याख्यानांत झडपांच्या या घातक दाहाचें चित्र रेखाटलें, आणि १९०९ सालीं त्याच्या रेंगाळणाऱ्या प्रकारावर स्वतंत्र निबंध लिहिला. चित्र हुबेहूब होतें, उपाय नव्हता.

प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव मालर हा याच रोगाचा बळी होय. १९११ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें अंगांत ताप असतांनाच त्यानें आपला अखेरचा जलसा चालविला. मग इमॅन्युएल लिबमन या निष्णात वैद्यास पाचारण झालें. त्याच्या सहायकानें मालरच्या हातांतून रक्त काढून तें संवर्धनास ठेविलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांत साखळीजंतूंच्या वसाहती उगवल्या. मालरनें सत्य सांगण्याचा आग्रह धरला. सांगण्यांत आल्यावर त्यानें व्हिएन्नास परत जाऊन मरण्याची इच्छा दर्शविली. वाटेंत पॅरिस येथें आणखी एक जंतुशास्त्रज्ञ त्यास पाहून गेला. १८ मे १९११ रोजीं व्हिएन्ना येथें, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, तो वारला. जंतु डोळ्यांनीं दिसत होते, त्यांचें नांव ठाऊक होतें, काचेच्या बशींत ते वाढवितां येत होते. आणि तरीहि युरोप-अमेरिकेंतील सर्वोत्तम वैद्य हात जोडून उभे होते. एका परीनें अज्ञानाहूनहि हें दुःसह असावें. १९३१ सालीं हार्वर्ड येथील एका वैद्यकविद्यार्थ्यानें स्वतःच्या मनगटावर रक्ताचे लाल ठिपके पाहिले. झडपेचा जुना दोष त्याला ठाऊक होताच. सहा महिन्यांत आपण मरणार, असें त्यानें त्याच क्षणीं घरच्यांना सांगितलें, आणि पुढें आपल्याच दुखण्याची टिपणें लिहीत राहिला. तीं त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालीं आहेत.

पेनिसिलीनची कथा सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून ती येथें विस्तारानें सांगत नाहीं. १९२८ सालीं फ्लेमिंग यांना बुरशी दिसली. पुढें फ्लोरी, चेन आणि हीटली यांनीं ऑक्सफर्ड येथें तिच्यांतून औषध काढलें, आणि उंदरांवरील प्रयोगांचा वृत्तांत ऑगस्ट १९४० मध्यें ‘लॅन्सेट’ पत्रांत आला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं ऑक्सफर्ड येथें अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या पोलिसाला तें शिरेंतून टोंचलें. तो सुधारूं लागला. औषध संपत आलें तेव्हां त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून त्यालाच देण्यांत आलें. तरीहि तें पुरलें नाहीं आणि १५ मार्च रोजीं तो मरण पावला. येथपर्यंत शाळेच्या पुस्तकांतहि असतें. त्याच्या चार महिने आधींची एक गोष्ट मात्र पुस्तकांत क्वचित् आढळते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत मार्टिन हेन्री डॉसन नांवाचे मूळ कानडांतील एक वैद्य होते. ‘लॅन्सेट’मधील लेख वाचतांच त्यांनीं बुरशी मिळविली, रसायनज्ञ कार्ल मायर आणि जंतुशास्त्रज्ञ ग्लॅडिस हॉबी यांस हाताशीं धरलें, आणि आपल्याच प्रयोगशाळेंत औषध उगवण्यास आरंभ केला. १६ ऑक्टोबर १९४० रोजीं त्यांनीं तें अशुद्ध औषध दोन रुग्णांस टोंचलें. दोघेहि झडपांच्या जंतुदाहानें आजारी होते. औषधाची मात्रा इतकी अल्प होती कीं, तिनें रोग हटणें शक्यच नव्हतें. परंतु पोटांत घेण्याच्या वा जखमेवर लावण्याच्या पलीकडे जाऊन हें औषध मनुष्याच्या शरीरांत टोंचण्याचा उपक्रम पहिल्यानें झाला तो याच असाध्य रुग्णांवर, हें विसरून चालणार नाहीं. पुढें डॉसन यांनाच स्नायु क्षीण करणाऱ्या ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या जुनाट व्याधीनें गांठलें. पापण्या मिटूं लागल्या, हातपाय थकूं लागले. तरी त्यांनीं आपला वॉर्ड सोडला नाहीं. १९४५ च्या एप्रिलमध्यें, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते निधन पावले. फ्लेमिंग यांचे पुतळे झाले, फ्लोरी आणि चेन यांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांत अनुचित कांहींच नाहीं. तथापि मला विचाराल तर, या सर्व कथेंत आदरानें मान लवावी असा पुरुष डॉसन हाच वाटतो.

आतां युद्धाचा काळ आला. औषध तोळामासा, घायाळ सैनिक हजारों. अमेरिकेंत सैन्याबाहेरील लोकांना पेनिसिलीन कोणास द्यावें हें ठरविण्याचें काम बोस्टनचे डॉ. चेस्टर कीफर यांच्या समितीकडे आलें. आरंभीं झडपांच्या कांहीं रुग्णांवर तें वापरून पाहण्यांत आलें होतें, परंतु थोड्या मात्रेंत व थोडेच दिवस. ताप उतरे आणि औषध थांबतांच परत येई. यावरून समितीनें या रोगास औषध न देण्याचें धोरण स्वीकारलें. कीफर यांस दोष देणें सोपें आहे. एका असाध्य रुग्णाच्या औषधांत कित्येक सैनिक वांचतील, हा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु ‘असाध्य’ हा शब्द त्या हिशेबांत गृहीत धरलेला होता, आणि तोच तपासून पाहावयास हवा होता. अपुऱ्या औषधानें रोग बरा झाला नाहीं, म्हणून औषध अपुरेंच ठेवावयाचें, हा न्याय तर्कशास्त्राच्या परीक्षेंत उत्तीर्ण होण्यासारखा नाहीं.

ती परीक्षा ब्रुकलिन येथील डॉ. लिओ लोव यांनीं घेतली. त्याच गांवांत फायझर कंपनी होती. तिचे एक प्रमुख जॉन स्मिथ यांना लोव यांनीं रुग्णालयांत बोलावून रुग्ण दाखविला, आणि समितीला बगल देऊन औषध मिळविलें. लोव यांची युक्ति सरळ होती. पेनिसिलीन मूत्रपिंडांतून झपाट्यानें बाहेर पडतें. घागरीस छिद्र असावें तसें. तेव्हां पाणी अखंड ओतीत राहणें हाच मार्ग. त्यांनीं तें शिरेवाटे थेंबथेंब, रात्रंदिवस, आणि पूर्वींच्या कितीतरी पट मात्रेंत चालू ठेविलें; सोबत रक्त गोठूं न देणारें हेपॅरिन दिलें. १९४४ च्या जानेवारींत अमेरिकन वैद्यकसंघाच्या पत्रांत त्यांचा लेख आला : लागोपाठ सात रुग्ण, सातहि यशस्वी. हेपॅरिन अनावश्यक व मेंदूंत रक्तस्रावाच्या दृष्टीनें धोक्याचें होतें, असें पुढें ठरलें. थेंबांचें तत्त्व मात्र टिकलें. त्याच वर्षीं १ मार्च रोजीं फायझरनें ब्रुकलिनमधील एका जुन्या बर्फाच्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्यांतून पेनिसिलीन काढण्यास प्रारंभ केला आणि दुष्काळ हटला. इंग्लंडांत मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १४ केंद्रांतील १४७ रुग्णांचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष : रोज पांच लक्ष युनिटें, तींहि निदान अठ्ठावीस दिवस. गडाला वेढा घालावयाचा तर तो महिनाभर उठवतां कामा नये, एवढाच याचा अर्थ.

पेनिसिलीनच्या सामर्थ्याचा खरा पुरावा रणांगणावर मिळाला, असें सामान्यतः मानलें जातें. तें मला तितकेंसें पटत नाहीं. जखमी सैनिक औषधावांचूनहि कधीं कधीं वांचतो. या रोगांतून आपोआप उठणारा मनुष्य इतका विरळा होता कीं, उठलेला प्रत्येक रुग्ण हाच पुरावा होता. तुलनेसाठीं दुसरा गट मांडण्याची गरजच नव्हती.

परंतु बरे झालेल्यांचें पुढें काय झालें? आपल्या भाषेंत ‘बरा’ हा शब्द मोठा चतुर आहे. ‘बरा झाला’ म्हणजे रोगमुक्त झाला. आणि ‘कसा आहेस?’ या प्रश्नास ‘बरा आहे’ हें उत्तर आलें, म्हणजे ठीक आहे, चाललें आहे, फारसें विचारूं नका. या रोगाचे रुग्ण दोन्ही अर्थांनीं बरे झाले. महिनाभर शिरेंत सुई बाळगून माणूस घरीं येई. ताप नसे, रक्तांत जंतु नसत, भूक परत येई. पण जंतूंनीं कुरतडलेली झडप पेनिसिलीनला शिवतां येत नव्हती. जंतु मेले कीं त्यांच्या जागीं व्रण राही, व्रण आक्रसे, झडप नीट मिटत नसे, आणि दोन-चार वर्षांत जिना चढतांना धाप लागूं लागे. इंग्लंडांतील त्याच चौदा केंद्रांतील ४४२ रुग्णांचा आढावा १९५१ सालीं निघाला, त्यांत हें स्पष्ट दिसलें कीं, जंतूंपासून सुटलेल्यांच्या मृत्यूचें मुख्य कारण हृदय थकणें हें होय. पूर्वीं हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण तो विचारण्यास कोणी जिवंत राहत नसे. १९६५ सालीं अमेरिकेंतील शल्यवैद्यांनीं जंतुदाह चालू असतांनाच कुजकी झडप कापून कृत्रिम झडप बसविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें औषधाचें अर्धें राहिलेलें काम शस्त्रानें हातीं घेतलें.

आपल्याकडे हें औषध परदेशांतून येई. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. मुंबई-पुणें आगगाडीनें जाणाऱ्या मंडळींना पिंपरी म्हणजे पेनिसिलीन हें समीकरण पाठ झालें होतें. कारखान्याचा खरा उपयोग झडपांच्या रुग्णांपेक्षां त्यांच्या मागच्या पिढीस, म्हणजे मुलांस, अधिक व्हावयाचा होता. संधिज्वर हा दाटीवाटीच्या वस्तीचा रोग. एकदां येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलीनची लांब पल्ल्याची सुई दिली, तर तो पुन्हां येत नाहीं व झडपा वांचतात. श्रीमंत देशांत संधिज्वर आतां दुर्मीळ झाला आहे. आपल्याकडे तो अद्यापि आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या सुईनंतर मूल चांगलें खेळतें-हिंडतें आहे असें पाहून आईबाप सुया थांबवितात, ही डॉक्टरांची नित्याची तक्रार आहे.

चार ते सहा आठवडे शिरेवाटे औषध, हा क्रम पुष्कळअंशीं अजूनहि कायम आहे. २०१८ सालीं डेन्मार्कमधील ४०० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रकृति स्थिरावलेल्या रुग्णांस निदान दहा दिवस शिरेंतून औषध दिल्यावर उरलेला क्रम गोळ्यांनीं पुरा केला, तरी परिणाम वाईट होत नाहींत, असें त्यांत आढळलें. तेव्हांपासून कांहीं रुग्ण लवकर घरीं जाऊं लागले आहेत. आणि तरीहि, आजच्या उत्तम रुग्णालयांतहि, या रोगाचे शंभरांतील पंधरा-वीस रुग्ण दगावतात.

घरीं आलेल्यांस पहिले दोन महिने जपावें लागतें, कारण रोग उलटावयाचा तर बहुधा याच मुदतींत उलटतो. म्हणून साधा ताप आला तरी औषध घेण्याआधीं रक्त तपासावयास द्यावें, असें त्यांना बजावलेलें असतें. थकवा कित्येक महिने पुरतो. तपासणीचे कागद निर्मळ असतात आणि माणूस मात्र दुपारीं भिंतीस टेकून बसलेला असतो. घरच्यांस वाटतें, आतां याला झालें तरी काय? आणखी एक बंधन जन्मभराचें. दांत काढावयाचा असेल, तर आधीं जंतुनाशक औषध घ्यावयाचें. हा नियम अमेरिकेंत १९५५ सालीं घालण्यांत आला; २००७ सालीं त्याची व्याप्ति पुष्कळ कमी करण्यांत आली. परंतु ज्यांस एकदां हा रोग होऊन गेला, त्यांचें नांव त्या यादींतून काढलेलें नाहीं. दंतवैद्याच्या खुर्चींत बसण्यापूर्वीं त्यांनीं तें स्वतःच सांगावयाचें असतें.