पूल कुणाचा?

परवा ताडकळसला जाताना ओढ्यावरच्या पुलाचा कठडा मोडलेला दिसला. दुरुस्त कोण करणार? सोबतच्या काकांचं उत्तर ठरलेलं, "सरकार." अहो, पण कुठलं?

इथली निजामी राजवट १९४८ मध्ये संपली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुलाचा मालक रस्त्यावरून ठरू लागला. ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रस्त्याची दर्जोन्नती झाली की पूलही लेकीसारखा दुसऱ्या घरी जातो. त्याचे जुने कागद सोबत जातात का, देव जाणे!

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. तो तर राष्ट्रीय महामार्गावरचा, मालक ठाऊक असलेला. नवा १६५ दिवसांत उभा राहिला.

आमच्या ओढ्यावरच्या पुलाला साधी पाटीसुद्धा नाही. तक्रारीचा अर्ज लिहून ठेवलाय, 'प्रति'पुढची जागा कोरी आहे.