बेस गिटारची ध्वनिक्षेपक पेटी

बेस गिटार या विद्युत् तंतुवाद्याचे मंद्र स्वर श्रोत्यांपर्यंत पोहोचविणारी, एक वा अनेक ध्वनिक्षेपक बसविलेली लाकडी पेटी. बोलभाषेत तिला ‘कॅबिनेट’ किंवा नुसते ‘कॅब’ म्हणतात. विवर्धक पेटीतच बसविलेला असतो किंवा वेगळा करून तिच्यावर ठेवतात. या पेटीच्या विकासात स्वराइतकाच तिच्या वजनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जॅझ व नृत्यवाद्यवृंदांत मंद्र स्वरांसाठी मुख्यतः डबल बेस हे माणसाच्या उंचीचे वाद्य वापरीत. प्रवासात ते नेणे अवघड असे आणि मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज दबून जाई. कॅलिफोर्नियातील लीओ फेंडर यांनी १९५१ मध्ये तयार केलेल्या ‘प्रिसिजन बेस’ या सु. ४ किग्रॅ. वजनाच्या गिटारने पहिली अडचण दूर झाली. तथापि भरीव लाकडाच्या या वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नव्हता. त्यासाठी फेंडर यांनी १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा विवर्धक आणला. अशा रीतीने वाद्याचा उतरलेला भार पेटीवर गेला.

बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सु. ४१ हर्ट्‌झ असून हवेत तिची तरंगलांबी ८ मी.पेक्षा जास्त भरते. असा स्वर मोठ्याने उमटविण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान आकार, खोल मंद्र स्वर आणि उच्च कार्यक्षमता यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी साधताना तिसरी सोडावी लागते, हा नियम जोसेफ ॲन्टन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. शिवाय पातळ फळ्या स्वतः थरथरून स्वर बिघडवितात. म्हणून जाड प्लायवुड वापरतात. त्यात लोहचुंबकांच्या वजनाची भर पडते.

ॲम्पेग या अमेरिकन कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या ‘पोर्टाफ्लेक्स’ पेटीत विवर्धक उलटा करून आतच बंद करता येई. तिची शक्ती सु. २५ वॉट होती. रॉक संगीताला ती अपुरी पडू लागली. गिटारवादकांचीही मागणी तीच होती. लंडनमध्ये १९६५ च्या सुमारास जिम मार्शल यांनी पीट टाउनशेंड यांच्या आग्रहावरून आठ ध्वनिक्षेपकांची एकसंध पेटी बनविली. पण ती उचलणाऱ्या कामगारांनी तक्रार केल्यावर तिचे दोन भाग करण्यात आले. १९६९ मध्ये ॲम्पेगचा ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ आला. त्याच्या नलिकायुक्त विवर्धकाचेच वजन सु. ४० किग्रॅ. होते. त्याच्या जोडीची, आठ ध्वनिक्षेपकांची पेटी पुढील काळात सु. ६३ किग्रॅ. भरे. सु. १२० सेंमी. उंचीच्या या पेटीला वादक ‘फ्रीज’ म्हणत. तिला चाके, घसरपट्ट्या व कलती करण्यासाठी दांडा बसविण्यात आला. तरी जिन्यावर चाकांचा उपयोग नसे आणि दोन माणसे लागत.

प्रसिद्ध वाद्यवृंदांकडे मालमोटारी व नोकर असत. लहान ठिकाणी वाजविणाऱ्या वादकाला मात्र हे ओझे स्वतःच वाहावे लागे. त्यामुळे अनेकांनी एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या पसंत केल्या.

१९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे हलके व प्रबळ चुंबक उपलब्ध झाले. त्यांचा ध्वनिक्षेपकांत झालेला उपयोग आणि ‘डी’ वर्गाचे, २ ते ३ किग्रॅ. वजनाचे विवर्धक यांमुळे ओझे पुष्कळ घटले. काही वादक पेटी न नेता सभागृहाच्या ध्वनियंत्रणेलाच वाद्य जोडतात. मात्र हॉफमन यांचा नियम कायम असल्याने खोल व मोठा स्वर देणारी पेटी हलकी झाली, तरी लहान झालेली नाही.