पाचवी कॉपी

अमेरिकेत जपानी ॲनिमेचं वेड कसं पसरलं, हा विषय निघाला की माझा मामा कुठल्याही कंपनीचं नाव घेत नाही. तो व्हीसीआरपासून सुरुवात करतो. ऐंशीच्या दशकात तो शिकायला लॉस एंजेलिसला गेला आणि तिथलाच झाला. मामी लग्न होऊन गेली त्या दशकाच्या अखेरीस. सुट्टीत दोघं सांगलीला आली की जेवणं आटोपून सगळे गच्चीवर जमायचे. कॅसेटींच्या गोष्टी निघाल्या की मी उठायचं नावच घ्यायचे नाही. पुढे याच विषयावरचं लिखाण वाचनात आलं, तेव्हा त्यातली कितीतरी माणसं आणि घटना मला आधीच ओळखीच्या होत्या.

मामा जाण्याआधीची हकीकत त्यानं तिथल्या ॲनिमे क्लबातल्या जुन्या मंडळींकडून ऐकलेली. लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीसाठी एका स्थानिक वाहिनीवर 1976 पासून महाकाय यंत्रमानवांच्या मालिका लागत, खाली इंग्रजी सबटायटल असत. घरी नुकताच आलेला व्हीसीआर लावून काही अमेरिकन तरुणांनी त्या उतरवून घेतल्या. 1977 साली फ्रेड पॅटन आणि त्यांच्या मित्रांनी ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ हा क्लब काढला आणि उतरवलेल्या कॅसेटी सगळ्यांनी मिळून बघायला सुरुवात केली. मग जपानमधल्या चाहत्यांशी पत्रव्यवहार जुळला. त्यांना ‘स्टार ट्रेक’ हवं होतं, यांना यंत्रमानव. टपालानं कॅसेटींची अदलाबदल सुरू झाली. टीव्हीची एनटीएससी पद्धत दोन्ही देशांत एकच, त्यामुळे तिकडची कॅसेट इकडच्या यंत्रात सरळ चाले. ही पद्धत वेगळी असती तर पुढचं सगळं कदाचित घडलंच नसतं, असं मामाचं ठाम म्हणणं आहे, आणि मला ते पटतं.

जपानी निर्मात्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. नामवंत ॲनिमे-निर्माते ओसामू तेझुका स्वतः 1980 साली सान दिएगोच्या कॉमिक-कॉनला येऊन या चाहत्यांना भेटून गेले. काही जपानी कंपन्यांनी अमेरिकेत मालिका विकायची खटपट केली, पण कार्टून म्हणजे लहान मुलांचं, या समजापुढे तिथं कुणाचं काही चाललं नाही. जे विकलं गेलं त्यावर कात्री चालली. दिग्दर्शक मियाझाकींचा 1984 चा ‘नौशिका’ हा चित्रपट अमेरिकेत ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावानं आला, तो वीसेक मिनिटं कापून आणि पात्रांची नावं बदलून. अखंड चित्रपट बघायचा तर चोरटी कॅसेट हाच मार्ग. तो चित्रपट अखंड स्वरूपात अमेरिकेत रीतसर विकत मिळायला 2005 साल उजाडलं. पायरसीबद्दल बोलताना ही दोन दशकं डोळ्यांआड करून चालत नाही.

सुरुवातीला सबटायटल नसत. जपानी येणारा एखादा विद्यार्थी अंधाऱ्या वर्गात पुढे बसून मोठ्यानं अर्थ सांगे, नाहीतर टंकलेला कथासार हातोहात फिरे. मग अमिगा हा संगणक आला आणि त्याला जोडायचं जेनलॉक नावाचं यंत्र. संगणकावरची अक्षरं चालू चित्रावर बसवता येऊ लागली. इथून मामीची गोष्ट सुरू होते.

क्लबातला एक जपानी विद्यार्थी वहीत भाषांतर लिहून देई. मामी ते अमिगावर टाइप करी. त्यानंतरचं काम खरं जिकिरीचं. टीव्हीवर चित्रपट चालू करायचा, कानाला हेडफोन, बोट कळीवर. पात्रानं तोंड उघडलं की कळ दाबायची, वाक्य संपलं की पुन्हा दाबायची. एक वाक्य उशिरा पडलं की मामी तिथं खूण करून ठेवायची आणि शेवटी तो सगळा भाग पुन्हा लावायची. भाषा तिला येत नव्हती, पण श्वासावरून वाक्य संपत आलंय हे कळायला लागलं होतं. दिवसा नोकरी, रात्री हे. मामा स्वयंपाक करायचा आणि मधूनच म्हणायचा, “अगं, जेवून तरी घे.” मामीचं उत्तर ठरलेलं: “अहो, एवढा सीन होऊ दे.”

मूळ प्रत तयार झाली की दोन व्हीसीआर केबलनं जोडून नकला काढायच्या. दोन तासांच्या चित्रपटाच्या नकलेला दोन तास लागणारच, घाई नावाला नाही. लोक कोऱ्या कॅसेटी आणि परतीच्या टपालखर्चासह पाकीट पाठवत, पैसे कुणी घेत नसे. सुरुवातीलाच पडद्यावर सूचना येई: ही प्रत विकू नये, भाड्यानं देऊ नये, आणि अमेरिकेत कुणी रीतसर हक्क घेतले की वाटप थांबवावं. मामीच्या मंडळींनी ते कसोशीनं पाळलं. हक्क घेतल्याची बातमी आली की त्या मालिकेची मूळ प्रत कपाटात जाई.

आणि हक्क घेणारे कोण होते? बरेचसे यांच्याच वर्तुळातले. 1988 साली रॉबर्ट वुडहेड आणि रो ॲडम्स यांनी ॲनिमआयगो ही कंपनी काढली. फ्रेड पॅटन पुढे स्ट्रीमलाइन पिक्चर्स या अशाच कंपनीत काम करू लागले. विकत घेणारं गिऱ्हाईक त्यांना शोधावं लागलं नाही, कॅसेटींनी ते आधीच घडवून ठेवलं होतं.

मी पाहिलेला ‘नौशिका’ म्हणजे कुठल्याशा कॅसेटची पाचवी कॉपी. मामानं ती सांगलीला आणली आणि आमच्या व्हीसीआरवर चित्र फिरत राहिलं, रंगही दिसेना. आपल्याकडे पाल पद्धत. मग बाजारातल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्या काकांच्या मल्टिसिस्टिम यंत्रावर, त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही तो पाहिला. लाल रंग कडेनं ओघळत होता, आवाजात खरखर होती, अक्षरं थरथरत होती. त्यातल्या किड्यांच्या लाटेपुढे एकटी उभी राहणारी ती मुलगी मला तरीही स्पष्ट दिसली. त्या काळी आपल्या घरांत जपानी चित्रं यायची ती दूरदर्शनवरच्या मोगलीतून, आणि तो जपानी आहे हे आम्हा मुलांना माहीतही नव्हतं.

इंटरनेट आलं आणि कोऱ्या कॅसेटीची अटच गेली. ‘नारुतो’ ही मालिका जपानमध्ये 2002 साली सुरू झाली, अमेरिकेच्या टीव्हीवर 2005 साली आली. मधली तीन वर्षं जगभरच्या मुलांनी ती फायलींमधून पाहिली. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांतही ती लॅनवरून खोलीखोलीत पोचली. डिसेंबर 2004 मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीच्या वकिलांनी सबटायटल करणाऱ्या गटांना थांबायची पत्रं पाठवली. काही थांबले, बरेच थांबले नाहीत. 2006 साली सुरू झालेलं क्रंचीरोल हे संकेतस्थळ आधी चोरून चढवलेल्या भागांवरच वाढलं. जानेवारी 2009 पासून मात्र टीव्ही टोकियोशी करार करून ‘नारुतो शिप्पुदेन’ जपानपाठोपाठ रीतसर दाखवू लागलं आणि बेकायदा साठा त्यांनी काढून टाकला. 2021 साली सोनीनं ते 117.5 कोटी डॉलरला घेतलं.

हा आकडा ऐकून मामा खूश होतो. मामी होत नाही, आणि मी मामीच्या बाजूची आहे. दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणाऱ्या जपानी कलावंताला एका चित्रामागे साधारण 200 येन मिळत आल्याचं अनेकदा छापून आलं आहे. या तुटपुंज्या मोबदल्याला केवळ पायरसी जबाबदार नाही. नफा गुंतवणूकदारांच्या निर्मिती समितीकडे जातो, स्टुडिओ ठरलेल्या रकमेत राबतो. पण म्हणून चोरट्या नकलांचा दोष पुसला जात नाही. 2018 साली बंद पडलेल्या मांगामुरा या साइटनं फुकट मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दाखवून जाहिरातींवर कमाई केली, तिच्या चालकाला पुढे तीन वर्षांची शिक्षा झाली. मामीच्या कॅसेटीला आणि त्या धंद्याला एकच नाव लावणं मला मंजूर नाही. एकीत संयम होता आणि खिशात काही येत नव्हतं. मात्र चित्रं काढणाऱ्याच्या खिशात दोन्हीकडून काहीच गेलं नाही, हेही तितकंच खरं.

2025 च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’चा नवा चित्रपट आपल्याकडच्या थिएटरांत लागला. माझा भाचा तो बघून आला तेव्हा मामी इथंच होती.

“आधीचे भाग कुठं बघितलेस रे?”

“टेलिग्रामवर, आजी.”

“पैसे भरून मिळत होते ना?”

“मिळत होते.” तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, “पण तुम्हीसुद्धा तेच करत होता ना? भीती नाही वाटली कधी?”

“भीती नव्हती वाटत,” मामी म्हणाली. “शेवटी नावं यायला लागली की मात्र लाज वाटायची. चित्रं कुणी काढली, रंग कुणी भरले. म्हणून तीसुद्धा सगळी इंग्रजीत टाइप करायचे मी. कॅसेटमध्ये जागा कमी पडली तर पुढच्या भागाची झलक कापायचो. नावं नाही कापली कधी.”