बाळगोळी : गिरणगावातले बिनचिठ्ठीचे औषध

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणायची औषधे म्हटली की आपल्याला डोकेदुखीची गोळी, बाम, खोकल्याचे पातळ औषध आठवते. गिरण्यांच्या काळात या यादीत आणखी एक वस्तू होती आणि तिचे गिऱ्हाईक दुपट्यातले होते. ती म्हणजे बाळगोळी.

घरोघरच्या बाळगुटीशी तिची गल्लत करू नये. गुटी म्हणजे सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांचे चार वेढे. बाळगोळीत मुख्य द्रव्य अफू, मसाले नुसते सोबतीला. जुलाब, खोकला, पोटदुखी, दात येतानाची किरकिर यांवर ती दिली जाई आणि गुण येई, हे मान्य केले पाहिजे. अफूने आतड्याची हालचाल मंदावते, खोकल्याची उबळ दबते, वेदना बोथट होते. पण तीच अफू श्वासही मंद करते, आणि तान्ह्या मुलाच्या शरीराला तिचा निचरा प्रौढासारखा भराभर करता येत नाही. मात्रा जरा चुकली की मूल झोपेतच जाई. मात्रा न चुकलेले मूल गुंगीत पडून राही, भुकेने रडत नसे, म्हणून दूधही कमी पिई. ते रोडावत जाऊन पुढे एखाद्या तापात गेले, तर दोष तापाचा!

1922 साली डॉ. बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. कामगार स्त्रियांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. हा आकडा मुंबईचा आहे, तो सोलापूरला जसाच्या तसा चिकटवू नये. मात्र ज्या कारणांनी तो तिथे आला ती इथेही होती. आमच्याकडे जुनी गिरणी 1877 सालची. पुढे इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत बायका लागल्या. 1922 च्या सुधारित कायद्यानेही मोठ्या माणसाचा कामाचा दिवस 11 तासांचा होता. त्यात घर ते गिरणी हे चालणे वेगळे. मागे मूल सांभाळायला म्हातारी सासू असली तर ठीक. नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली मुलगी.

या मातांना अडाणी ठरवणारी वाक्ये जुन्या कागदांत पुष्कळ भेटतात. मला ती पटत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरणकामगार स्त्रियाही मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध देत होत्या. तिथे सहाण नव्हती, सासूचे शास्त्र नव्हते; भोंगा मात्र होता. शिवाय आपल्याकडे अफूविक्रीचा परवाना सरकारचाच आणि उत्पन्नही सरकारी तिजोरीत. पाहणीसाठी डॉक्टर नेमणारे आणि परवाना देणारे सरकार एकच, ही गोष्ट अहवाल वाचताना विसरू नये.

पुढे 1929 चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला. त्याच्या विधेयकाला कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. 1930 मध्ये घातक मादक द्रव्यांचा कायदा झाला. 1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 च्या दुरुस्तीने ही संख्या 30 वर आली. माझ्या मते बाळगोळीवर खरा उतारा यातला पाळणाघराचा होता. बंदीने गोळी जाते. आईला मूल ठेवायला जागा त्याने मिळत नाही. आणि सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना हे पाळणाघर लागूच नव्हते.

आजही आपल्या औषध कायद्यात ‘चिठ्ठीशिवाय विकण्याची औषधे’ अशी स्वतंत्र वर्गवारी नाही. नियमांच्या ‘के’ परिशिष्टात, हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात ठरावीक घरगुती औषधे सीलबंद वेष्टनात विनापरवाना विकायची मुभा आहे. त्यात पॅरासिटामॉल आहे, बाम आहे, ग्राइप वॉटरही आहे. पण शहरात काय चालते ते काउंटरपाशी दहा मिनिटे उभे राहिले की कळते. सर्दीचे सिरप मागायला आलेली माणसे बऱ्याचदा सर्दीबद्दल कमी आणि रात्रीच्या झोपेबद्दल जास्त बोलतात. त्यातल्या क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते, हे त्यांना ठाऊक असते. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला. सूचना इंग्रजीत असते, अक्षर बारीक असते, आणि बाटली घेऊन जाणारीला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर पोहोचायचे असते.