दाहाचा इतिहास आणि आमची हळद

इ. स. १९४८ च्या सप्टेंबर महिन्याची १७ वी तारीख मराठवाड्यांतील कोणास समजावून सांगावयास नको. त्या दिवशीं हैदराबादच्या निजामानें शस्त्र खालीं ठेवण्याचें जाहीर केलें आणि नांदेडपासून लातूरपर्यंतच्या आमच्या मुलखानें मोकळा श्वास घेतला. त्यानंतर बरोबर चार दिवसांनीं, २१ तारखेस, अमेरिकेंतील रॉचेस्टर गांवीं मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच नांवाच्या एका डॉक्टरानें एका संधिवातग्रस्त तरुण बाईस एक नवेंच द्रव्य टोंचलें. बिछान्यावरून उठणेंहि तिला कठीण झालें होतें. आठवड्याच्या आंत ती बाई उठून हिंडूंफिरूं लागली. त्या द्रव्यास पुढें कॉर्टिझोन हें नांव मिळालें.

ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमच्या आत्याबाईंचा जन्म त्याच सालचा. 'मी मुक्तीच्या सालची' असें त्या अभिमानानें सांगत. लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत त्यांनीं संसार केला. आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे १९८० सालीं, त्यांच्या हातांचीं बोटें सकाळच्या वेळीं ताठूं लागलीं. सूर्य कासराभर वर येईपर्यंत त्यांना भाकरी थापतां येत नसे. हळदीचा लेप, एरंडेल, शेकशेगडी हें सर्व झालें. पुढें कोणीएक निनांवी पुड्या देऊं लागला; त्या घेतल्या कीं चार दिवस हात हलके होत, पण तोंड सुजूं लागलें व हाडें ठिसूळ झालीं. त्या पुड्यांत काय होतें, हें पुष्कळ वर्षांनीं आमच्या ध्यानांत आलें. रॉचेस्टरचें तेंच द्रव्य किंवा त्याचें एखादें भावंड, मोजमापाशिवाय व देखरेखीशिवाय, आमच्या आत्याबाईंच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोंचलें होतें. चाळिशीपर्यंत त्यांचीं बोटें वाकडीं झालीं, तीं पुन्हा सरळ झालीं नाहींत. ह्या रोगाच्या इतिहासाकडे आम्ही वळलों तो ह्या बोटांमुळें.

सांध्यांचें दुखणें मनुष्याइतकेंच जुनें असेल. परंतु त्यास वेगळें नांव देणें व त्याचें स्वरूप रेखाटणें ही नंतरची गोष्ट. आपल्याकडे चरकानें वातरक्ताचें वर्णन केलेलें आहे; पण आमवात ह्या रोगास स्वतंत्र प्रकरण देण्याचा मान माधवकराच्या 'माधवनिदान' ह्या ग्रंथाकडे जातो. हा ग्रंथ सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा समजतात. न पचलेला रस, म्हणजे आम, शरीरभर हिंडतो व सांध्यांत जाऊन बसतो. मग हातपाय, घोटे, गुडघे सुजतात आणि विंचू डसावा तशी वेदना होते, असा त्याचा आशय आहे. आजचा वैद्य 'आम' हा शब्द वापरणार नाहीं. तरी दुखणें एका सांध्याचें नसून साऱ्या देहाचें आहे, ही माधवकराची दृष्टि आजहि खरी ठरते.

पश्चिमेकडे पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें दाहाचीं चार लक्षणें सांगितलीं: लाली, सूज, उष्णता व वेदना. अंग कामांतून जाणें हें पांचवें लक्षण पुढें त्यांत मिळविण्यांत आलें. पायांत कांटा मोडला असतां हीं पांचहि लक्षणें कोणीहि पाहूं शकतो. प्रश्न असा कीं, आत्याबाईंच्या बोटांत कांटा कोठें होता?

हा प्रश्न नीट विचारावयासहि जगाला फार काळ लागला. इ. स. १८०० मध्यें पॅरिसमधील सालपेत्रियेर ह्या रुग्णालयांत लांद्रे-बोवे ह्या तरुण वैद्यानें आपल्या प्रबंधांत कांहीं गरीब स्त्रियांचें दुखणें वर्णिलें. संधिरोग म्हणजे श्रीमंतांच्या मेजवान्यांतून उपजणारा गाउट, असा तेव्हांचा समज होता. ह्या बायांना मेजवान्या कोठून मिळणार? म्हणून हा रोग निराळा असला पाहिजे, असें त्यानें मांडलें. त्यास 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस' हें आजचें नांव १८५९ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडनें दिलें. नांव मिळालें, कारण मिळालें नाहीं.

कारणाची वाट निघाली ती एका कांट्यापासूनच. १८८२ च्या अखेरीस सिसिलींतील मेसिना येथें रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह ह्यानें ताऱ्याच्या आकाराच्या एका समुद्रप्राण्याच्या पारदर्शक डिंभांत एक बारीक कांटा खुपसला व दुसऱ्या दिवशीं पाहिलें, तों हिंडत्या पेशींनीं त्या कांट्यास चहूंकडून वेढा घातलेला! दाह म्हणजे केवळ विकार नव्हे, तो शरीराच्या रक्षकांचा मोर्चा आहे, हें त्यास तेथें उमगलें. ह्याच मेचनिकोव्हचा ओडेसा येथील शिष्य वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगांत तो मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारींत प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नांवानें चालते. प्रतिकारशक्तीचें शास्त्र महाराष्ट्रांत असें थेट गुरुपरंपरेनें आलेलें आहे.

मेचनिकोव्हचा प्रतिस्पर्धी जर्मनीचा पॉल एर्लिख. रक्षणाचें काम पेशी करीत नसून रक्तरसांतील द्रव्यें करतात, असा त्या पक्षाचा आग्रह. १९०८ चें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून देण्यांत आलें, आणि काळानें दोघेहि आपापल्या परी खरे ठरविले. परंतु एर्लिखच्या एका मतानें मात्र वाट अडविली. शरीर स्वतःवरच शस्त्र उगारील ही गोष्ट निसर्गास मान्य नाहीं, असें तो म्हणे. वस्तुतः १९०४ सालींच व्हिएन्ना येथें डोनाथ व लांडस्टायनर ह्यांनीं एका दुर्मिळ रोगांत रुग्णाचें रक्त स्वतःच्याच रक्तपेशी फोडतें, हें दाखवून दिलें होतें. पण मोठ्या माणसाच्या शब्दापुढें लहानसा पुरावा किती काळ उभा राहणार? पन्नासाव्या दशकापर्यंत स्वयंप्रतिकाराची कल्पना विद्वानांच्या पंक्तींत बसूं शकली नाहीं.

पुरावे मात्र सांचत होते. १९४० मध्यें नॉर्वेच्या वालरला संधिवाताच्या रक्तांत एक विलक्षण द्रव्य आढळलें. १९४८ मध्यें न्यूयॉर्कच्या रोझनें तेंच पुन्हा शोधून काढलें. ही शरीराच्या स्वतःच्याच प्रतिद्रव्यांवर रोखलेली प्रतिद्रव्यें होतीं. त्याच १९४८ सालीं मेयो क्लिनिकमध्यें हारग्रेव्हज् ह्यानें ल्यूपस ह्या रोगाची खुणेची पेशी ओळखली. आणि १९५६ मध्यें अमेरिकेंतील नोएल रोझ व विटेब्स्की ह्यांनीं सशांस त्यांच्याच गलग्रंथीचा अर्क टोंचून ती ग्रंथि रोगट करून दाखविली, तेव्हां एर्लिखचा निषेध संपला. आत्याबाईंच्या बोटांत कांटा नव्हता. पहारेकऱ्यांनीं घरच्याच माणसांस चोर समजून घेरलें होतें.

आतां औषधांकडे वळूं. कॉर्टिझोनबद्दल हेंच, केंडाल व राइखस्टाइन ह्यांस १९५० चें नोबेल मिळालें, आणि पाठोपाठ त्या द्रव्याचे दुर्गुणहि बाहेर पडले. तें आग दाबतें, विझवीत नाहीं. आणि फार दिवस घेतल्यास हाडें, डोळे व रक्तांतील साखर ह्यांवर त्याचा घाला पडतो. खरें टिकाऊ औषध दुसऱ्याच वाटेनें येत होतें, आणि त्या वाटेवर एक भारतीय उभा होता. आंध्रांतील भीमावरम येथें १८९५ सालीं जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत फॉलिक आम्लावर काम करीत. त्या आम्लास विरोध करणारीं द्रव्यें त्यांच्या मंडळींनीं बनविलीं. मुलांच्या रक्तकर्करोगावर तीं १९४८ मध्यें उपयोगी ठरलीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सुब्बाराव वारले. १९५१ मध्यें गबनर नांवाच्या डॉक्टरानें त्यांतलेंच एक द्रव्य संधिवातावर वापरून गुण पाहिला. परंतु कॉर्टिझोनच्या झगमगाटांत त्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. त्याचें भावंड मेथोट्रेक्सेट, आठवड्यांतून एकदां व अल्प मात्रेंत घ्यावयाचें, ह्यास अमेरिकेच्या सरकारनें संधिवातासाठीं मान्यता दिली ती १९८८ सालीं. मध्यें सदतीस वर्षें गेलीं. आत्याबाईंच्या आजाराचीं पहिलीं आठ वर्षें त्या सदतिसांतलीं होतीं.

पुढचा टप्पा लंडनचा. तेथें मार्क फेल्डमन आणि लुधियान्यांत जन्मलेले रवींद्र मैनी ह्यांनीं असें पाहिलें कीं, सुजलेल्या सांध्यांत दाहाचे संदेश वाहणारीं अनेक द्रव्यें असलीं तरी त्यांतील एकास, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ह्यास, अडविलें कीं दुसरींहि शांत होतात. १९९२ मध्यें हें औषध प्रथम रुग्णांस दिलें गेलें. गुण मोठा, पण किंमतहि मोठी; आमच्याकडील शेतकरी कुटुंबास ती झेपणारी नव्हे.

आतां हळद. नांदेड-वसमतच्या बाजारांत हंगामाच्या दिवसांत हळदीचे ढीग पाहिले कीं, आपल्या घरचें औषध सोडून परक्या गोळ्या कशाला, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. हा विचार शास्त्रज्ञांनींहि केलेला आहे. लखनौच्या मध्यवर्ती औषध संशोधन संस्थेंतील श्रीमल व धवन ह्यांनीं १९७३ मध्यें हळदीतील कर्क्युमिन ह्या पिवळ्या द्रव्याचा दाहशामक गुण प्राण्यांवर दाखविला. १९८० मध्यें डॉ. एस. डी. देवधर ह्यांनीं सेठी व श्रीमल ह्यांच्यासह अठरा संधिवाती रुग्णांस रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन त्याची तुलना फेनिलब्युटाझोन ह्या तेव्हांच्या औषधाशीं केली. दोहोंनींहि सकाळचा ताठरपणा व सूज कमी झाली. आत्याबाई लेप लावीत होत्या त्याच सालीं हा प्रयोग छापून आला, हें वाचून आम्ही थोडा वेळ स्तब्ध झालों.

परंतु प्रयोग दोन आठवड्यांचा, रुग्ण अवघे अठरा. आणि हिशेबहि करून पाहावा. शंभर भाग हळदींत कर्क्युमिन सुमारें तीन भाग असतें. म्हणजे १२०० मिलिग्रॅमसाठीं रोज चाळीस ग्रॅम हळद पोटांत गेली पाहिजे! शिवाय तें रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पिपेरीन सोबत दिल्यास तें प्रमाण सुमारें वीस पटींनीं वाढतें, असें १९९८ मध्यें बंगलोरच्या संशोधकांस आढळलें. पण अशा जोरकस गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याचींहि उदाहरणें अलीकडे नोंदलीं गेलीं आहेत. २०१७ मध्यें अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं असें बजावलें कीं, कर्क्युमिन प्रयोगशाळेंतील परीक्षांस फसवितें व त्याच्यावरील पुष्कळशी आशा निराधार आहे.

१९९५ मध्यें एका अमेरिकन विद्यापीठानें हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट मिळविलें, तेव्हां गोमंतकांत जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या शास्त्रीय संशोधन मंडळानें त्यास आव्हान दिलें, व १९९७ मध्यें तें रद्द करविलें. त्या विजयाचा आनंद रास्तच. पण हळद आमची आहे हें सिद्ध होणें वेगळें आणि हळदीनें संधिवात बरा होतो हें सिद्ध होणें वेगळें. पहिल्या गोष्टीस जुने ग्रंथ पुरले. दुसरीस रुग्णांची मोजणीच लागते.

अशी एक मोजणी महाराष्ट्रांत झालेली आहे. १९९६ मध्यें पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेंत इंदापूर तालुक्यांतील भिगवण येथें घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केली. शंभरांत अठरांस सांध्यांचीं किंवा स्नायूंचीं दुखणीं आढळलीं. खरा दाहक संधिवात शंभरांत अर्ध्या माणसास. अर्धा हा आंकडा लहान वाटतो. पण २०११ च्या शिरगणतीप्रमाणें नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या अठ्ठावन्न लाखांवर होती. त्यांत दोनतृतीयांश प्रौढ धरले व भिगवणचेंच प्रमाण येथें लावलें, तर हे रोगी एकोणीस हजारांच्या घरांत जातात. हा अजमास ढोबळ आहे. तरी त्यांत बहुसंख्य स्त्रिया असणार, कारण हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस दोनतीन पटींनीं अधिक होतो.

ह्या रोगांत काळास फार मोल आहे. पहिल्या कांहीं महिन्यांत उपचार झाला तर सांधे वांचतात. एकदां हाड कुरतडलें गेलें कीं कोणतेंहि औषध तें भरून आणीत नाहीं. मेथोट्रेक्सेट महाग नाहीं. तें तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, रक्त व यकृत तपासवीत घ्यावें लागतें आणि गर्भारपणांत वर्ज्य असतें. पण तें मिळतें. महाग पडतो तो वाट पाहण्यांत गेलेला काळ. 'बायकांचीं दुखणीं असायचींच' ह्या एका वाक्यानें आमच्या घरांतून जितके हात वाकडे केले असतील, तितके अज्ञानानेंहि केले नसतील.

आत्याबाई २००९ सालीं वारल्या. गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगी सकाळच्या तासास उशिरां येऊं लागली. विचारलें तेव्हां म्हणाली, 'सर, सकाळीं बोटें मिटतच नाहींत.' आम्ही तिच्या वडिलांस बोलावून आत्याबाईंची हकीकत सांगितली. ते हळदीचे व्यापारी. सारें ऐकून घेऊन म्हणाले, 'हळद घरांत राहूं दे, सर. पोरीला उद्यांच दाखवतों.' त्यांनीं शब्द पाळला. परवां तिनें तीन तासांची उत्तरपत्रिका स्वतःच्या हातानें लिहिली. ती गोळा करतांना आमचें लक्ष उत्तरांकडे नव्हतें, अक्षराकडे होतें. अक्षर सरळ होतें.