काचेच्या तंतूंतून उमटलेली अक्षरे

६ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात माणसांची दाटी झाली होती. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्याच दिवशी झालेली, आणि निकाल कळावा म्हणून लोक माना वर करून एका उंच इमारतीकडे पाहत होते. इमारतीभोवती कमरपट्ट्याप्रमाणे एक पट्टी फिरविलेली होती. तिच्यात सुमारे १४,८०० विजेचे दिवे बसविले होते आणि त्यांवरून प्रकाशाची अक्षरे एकामागून एक सरकत चालली होती. हर्बर्ट हूव्हर निवडून आल्याची वार्ता त्या गर्दीने वाचली ती कागदावर नव्हे, दिव्यांच्या ओळीवर. अक्षरे सरकतात असा डोळ्यांना भास होई. प्रत्यक्षात एकही दिवा जागचा हलत नव्हता. आतल्या बाजूस एका फिरत्या साखळीवरून धातूची अक्षरे पुढे जात, ती ज्या विद्युत्‌-संपर्कांना टेकत तेवढेच दिवे उजळत आणि मजकूर पुढे गेला की मालवत.

बदलता संदेश देणारी पाटी ही कल्पना लोकांच्या मनावर ठसविण्याचे श्रेय या पट्टीस द्यावयास हरकत नाही. तिची रीत आपल्या अंगणातील ठिपक्यांच्या रांगोळीसारखीच आहे. ठिपके ठरलेले असतात. कोणते जोडावयाचे यावर नक्षी ठरते. रोमन लिपीचे अक्षर पाच उभ्या व सात आडव्या ओळींच्या, म्हणजे अवघ्या ३५ ठिपक्यांच्या चौकटीत बसते. देवनागरीस मात्र ही चौकट तोकडी पडते. शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी; एवढा परिवार सामावून घेण्यास ठिपके पुष्कळच अधिक लागतात. पाश्चात्त्य यंत्रांवर आपल्या लिपीची जी ओढाताण होत आली, तिचे एक कारण या ३५ ठिपक्यांत सापडते.

चौकातील बातमीच्या पट्टीत दहा-वीस दिवे गेले तरी फारसे बिघडत नसे. गर्दी उभी असे, अक्षर पुढे सरके, आणि राहिलेला भाग वाचणारा मनानेच भरून काढी. परंतु हीच युक्ती जेव्हा हमरस्त्यावर आणि रेल्वेच्या मार्गावर आली तेव्हा तिचा दोष उघडा पडला. इंग्रजी आठाच्या आकड्यातील डावीकडचे दिवे गेले की त्याचा तीन होतो. 'प्रवेश बंद' या पाटीतील दुसरा शब्द अंधारात गेला तर मागे उरतो तो 'प्रवेश'. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर काटते. पाटीवरील मजकूर २०० मीटरांवरून वाचता येऊ लागला तर चालकाच्या हाती सात सेकंद असतात, आणि त्यांतच त्याला वाचावयाचे, समजावयाचे व गाडी आवरावयाची असते. तेथे अक्षरांचे कोडे सोडवीत बसण्यास सवड नसते. विझलेली पाटी निदान मुकी असते. अर्धवट विझलेली पाटी खोटे बोलते.

दुसरी अडचण सूर्याने निर्माण केली होती. दिव्यामागे आरसा आणि पुढे रंगीत काच अशी रचना असेल तर कलते ऊन आत शिरते, आरशावर आपटते आणि रंगीत होऊन बाहेर पडते. दिवा मालवलेला असूनही लागल्यासारखा दिसतो. रेल्वेच्या सिग्नलांत या भुताटकीने अभियंत्यांना फार सतावले.

या दोन्ही दुखण्यांवर जो उपाय निघाला त्याचे बीज फार जुने आहे. दिवा एकीकडे ठेवावा आणि त्याचा प्रकाश दुसरीकडे प्रकट व्हावा, एवढीच ती कल्पना. जिनीव्हा येथील डॅनियल कोलाडोन हे पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करीत असत. व्याख्यानाच्या वेळी पाण्याची धार दूरवरच्या श्रोत्यांना नीट दिसत नाही म्हणून १८४१ साली त्यांनी नळीवाटे प्रकाश आणून तो धारेत सोडला. धार वळली तसा प्रकाशही वळला आणि जेथे पाणी फुटले तेथे चमकून उठला. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे पुरेसा तिरपा गेलेला किरण बाहेर न पडता आतच परततो. या पूर्ण आंतरिक परावर्तनाचा तो डोळ्यांनी पाहावा असा दाखला होता. याच सुमारास पॅरिसमध्ये झाक बाबिने यांनी वाकविलेल्या काचकांडीतूनही प्रकाश नेता येतो हे नमूद केले. पुढे १८५४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी हाच प्रयोग केला आणि बहुतेक पुस्तकांत नाव राहिले ते टिंडल यांचे. कोलाडोन यांच्यावर हा थोडा अन्यायच झाला.

१८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात आणि १८८९ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रंग बदलणारी कारंजी लोकांनी डोळे भरून पाहिली. कारंज्याखालच्या तळघरात दिवे लावून माणसे उभी असत आणि खूण मिळताच दिव्यासमोरची रंगीत काच बदलीत. वर पाणी लाल होई, निळे होई. दिवा झाकून ठेवून देखावा बदलण्याची ही रीत पुढल्या शतकातील पाटीची पूर्वजच म्हटली पाहिजे.

पाण्याच्या धारेची जागा काचेच्या तंतूने घ्यावयास बराच काळ गेला. १९३० साली म्युनिकमध्ये हाइनरिख लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तारेची प्रतिमा पलीकडे नेली, पण ती अंधुक होती. उघडे तंतू एकमेकांस टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात पाझरतो, हे त्यातील मुख्य वैगुण्य. २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर' नियतकालिकात दोन लेख बरोबरच प्रसिद्ध झाले. एक हॉलंडमधील आब्राहम व्हान हेल यांचा. तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण चढवावे हा विचार त्यात होता, आणि तो अमेरिकेतील ब्रायन ओब्रायन यांनी त्यांना सुचविला होता. दुसरा लेख लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदर सिंग कपानी यांचा. कपानी मूळचे पंजाबातील मोग्याचे. डेहराडूनला वाढले, आग्रा विद्यापीठात शिकले. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेतील गुरुजींनी सांगितले आणि ते खोटे पाडण्याची ईर्ष्या तेव्हापासून मनात राहिली, अशी आठवण ते पुढे सांगत. दहा हजारांहून अधिक तंतूंच्या ७५ सेंटिमीटर लांबीच्या जुडीतून त्या गुरुशिष्यांनी प्रतिमा नेऊन दाखविली. २०२० साली कपानी निवर्तले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. १९५६ च्या अखेरीस मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने एका काचेची कांडी दुसऱ्या काचेच्या नळीत घालून दोन्ही एकत्र तापवून ओढल्या. काचेवर काचेचेच आवरण असलेला टिकाऊ तंतू असा हाती आला आणि त्याच्या साहाय्याने वैद्यांना रुग्णाच्या जठरात डोकावता येऊ लागले.

वैद्याची गरज आणि दूरध्वनीच्या अभियंत्याची गरज या दोन्ही कठीण होत्या. प्रतिमा हवी तर जुडीच्या एका टोकाशी जो तंतू जेथे, तेथेच तो दुसऱ्या टोकाशी असला पाहिजे. संभाषण हवे तर काच इतकी निर्मळ पाहिजे की मैलोगणती प्रकाश टिकावा. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी हा प्रश्न मांडला तेव्हाच्या चांगल्या तंतूतही किलोमीटरला सुमारे १००० डेसिबेल क्षय होत असे. म्हणजे अवघ्या वीस मीटरांत प्रकाशाचा शंभरावा हिस्सा शिल्लक राही. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तो २० डेसिबेलच्या खाली आणला आणि दूरसंचाराचे नवे पर्व सुरू झाले.

पाटी करणाऱ्याला यातले काहीच नको होते. त्याचे तंतू दोन मीटरांहून क्वचितच लांब, आणि तेवढ्या अंतरात जुन्या काचेतूनही शेकडा ६३ भाग प्रकाश पार होतो. प्रतिमेची शिस्त तर त्याला अडचणीचीच. दिव्यासमोर धरलेल्या जुडीच्या तोंडावर मधोमध प्रकाश प्रखर असतो आणि कडेला मंद. तंतू शिस्तीने लावले तर पाटीवरील काही ठिपके डोळ्यांत भरतील आणि काही मिणमिणतील. म्हणून तो जुडी मुद्दाम विस्कटतो. शेकडो तंतूंची सरमिसळ करून मग त्यांचे लहान झुपके बांधतो आणि प्रत्येक झुपका पाटीवरील एकेका भोकापर्यंत नेतो. मग सर्व ठिपके सारखे उजळतात. वैद्याच्या दृष्टीने जो गोंधळ, तोच येथे गुण ठरला.

याच गोंधळाने विझलेल्या दिव्याचा जुना प्रश्नही सोडविला. दिवे दोन ठेवावयाचे, आणि प्रत्येक ठिपक्याच्या झुपक्यातील निम्मे तंतू एका दिव्याकडून तर निम्मे दुसऱ्याकडून आणावयाचे. एक दिवा गेला तर ठिपका नाहीसा होत नाही. सगळी पाटी एकसारखी थोडी मंदावते, पण अक्षर शाबूत राहते. दोन्ही गेले तर पाटी काळी पडते. संदेश एक तर पूर्ण दिसावयाचा, नाही तर मुळीच नाही. ऊन भोकातून आत शिरलेच तर तंतूवाटे दिव्याच्या पेटीत जाऊन विरते, परतून डोळ्यांत येत नाही.

संदेश बदलण्याच्या रीती मुख्यत्वे दोन. मोजकेच संदेश असतील, जसे लाल फुली, हिरवा बाण किंवा वेगमर्यादेचे तीन-चार आकडे, तर प्रत्येकाची जुडी निराळी आणि दिवाही निराळा. सर्वांचे ठिपके एकाच काळ्या फळीवर एकमेकांत मिसळलेले. जो दिवा लावाल तो संदेश उमटतो, बाकीचे काळ्यात बुडून राहतात. रंग हवा तर जुडीच्या तोंडाशी रंगीत काच. कारंज्याखालच्या तळघरातली तीच ही युक्ती. मजकूर वाटेल तो लिहावयाचा असेल तर दिवा सदैव चालू ठेवून प्रत्येक ठिपक्यापुढे विद्युत्‌-चुंबकाने हलणारी बारीक झडप बसवीत. काही ठिकाणी १९६०च्या सुमारास कॅनडात निघालेल्या उलटणाऱ्या चकत्यांच्या पाटीशी तंतूंची सोयरीक जुळविण्यात आली. दिवसा चकतीचा रंग दिसे, रात्री तंतूचा ठिपका.

हे सारे शक्य झाले ते १९५९ साली पेटंट मिळालेल्या हॅलोजन दिव्यामुळे. चित्रपारदर्शिका पडद्यावर दाखविण्याच्या यंत्रासाठी पुढे त्याचा एक छोटा अवतार निघाला. त्याच्या वाटीसारख्या आरशावर असा लेप असतो की प्रकाश पुढे जातो आणि बरीचशी उष्णता मागे निसटते. तरीही जुडीचे तोंड तापेच. तंतूंमधील चिकटद्रव्य करपू नये म्हणून मध्ये उष्णता अडविणारी काच घालावी लागे. पाटीच्या अंगची दुसरी खोड म्हणजे तंतूतून प्रकाश अरुंद शंकूसारखा बाहेर पडतो. समोरून येणाऱ्यास तो भर उन्हात ठसठशीत दिसे, पण बाजूच्या गल्लीतून पाहणाऱ्यास जवळजवळ काहीच नाही. तेव्हा पाटी टांगताना तिचे तोंड रस्त्याच्या वळणाकडे नेमके रोखावे लागे. रात्री दिव्याचा दाब उतरवावा लागे, नाही तर तीच पाटी चालकाचे डोळे दिपवी.

खरा खर्च होता तो मजुरीचा. शेकडो झुपके हाताने भोकांत ओवावयाचे, टोके घासून गुळगुळीत करावयाची. एक झुपका शेजारच्या भोकात गेला की अक्षर बिघडले. यंत्रयुगातील ही वस्तू सरतेशेवटी पैठणीच्या मागावर बसल्यासारख्या चिकाटीनेच तयार होत असे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अमेरिका व युरोपातील महामार्गांवर आणि ब्रिटिश रेल्वेच्या मार्गदर्शक आकड्यांत अशा पाट्या झळकल्या.

त्यांना हटविले ते निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केलेल्या लाल प्रकाशाच्या स्फटिकदिव्याने, म्हणजे एलईडीने. प्रथम तो इतका मंद होता की गणकयंत्राच्या आकड्यांपुरताच उपयोगी. १९९०च्या सुमारास पिवळे-तांबडे प्रखर दिवे निघाले, १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा दिवा आला, आणि तंतू, जुडी, झडप यांची गरजच सरली. ठिपका स्वतःच दिवा झाला.

त्याबरोबर टाइम्स चौकातील १९२८ सालचा प्रश्नही परत आला. कारण प्रत्येक ठिपक्यास पुन्हा आपापला दिवा मिळाला होता आणि तो एकेकटा विझू शकत होता. म्हणून महामार्गावरील एलईडी पाट्यांच्या नियंत्रकाकडे ठिपके तपासण्याचे काम सोपविण्यात आले. कोणता ठिपका मेला हे तो वीजप्रवाहावरून ओळखतो, आणि संदेशाचा अर्थ पालटेल इतके ठिपके गेले तर सगळी पाटी आपण होऊन काळी करतो.