एका शब्दापायी गेलेले प्राध्यापकपद
१८५३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांना पदावरून दूर केले. वाद होता नव्या करारातील ‘आयोनिओस’ या ग्रीक विशेषणाचा. दुष्टांची शिक्षा ‘कधीही न संपणारी’, हा त्याचा रूढ अर्थ. मॉरिस यांच्या मते तो शब्द काळाची लांबी सांगतच नाही. ईश्वराला दुरावणे हीच ती शिक्षा. (सर्वांना मुक्ती मिळेलच, असा दावा त्यांनी केला नव्हता.) रूढ अर्थामागचा तर्क मात्र पोकळ नव्हता: मत्तय २५:४६ मध्ये ‘शिक्षा’ आणि ‘जीवन’ या दोहोंना हेच विशेषण आहे. मग शिक्षेला अंत मानला, तर स्वर्गातील जीवनाचे काय? १८६४ मध्ये पाद्री हेन्री विल्सन यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा अपराध नव्हे. त्यावर, शिक्षा अनंतच आहे असे बजावणाऱ्या जाहीरनाम्यावर सुमारे ११,००० धर्मगुरूंनी सह्या केल्या.